कडेच्या ओळी

संशोधन केंद्र,
२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं कार्ड मिळालं. मी महिनाभर गप्प आहे म्हणजे एकतर आजारी पडलो असेन नाहीतर मोठा झालो असेन, असं तू लिहितेस. ताई, दुसरं खरं आहे. सोबतच्या गठ्ठ्यात पत्रकाच्या पन्नास प्रती आहेत. शेवटच्या पानावर, अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरात तुझ्या भावाचं नाव छापलंय. चष्मा लावून बघ.

सूर्यफुलावर दोन वर्षं चाललेल्या प्रयोगाचा हा निकाल. किती अंतरावर पेरायचं आणि किती खत घालायचं, एवढाच प्रश्न होता. पण त्यासाठी छत्तीस वाफे आखले. प्रत्येकात चार ओळी, वाफ्यावाफ्यामध्ये चालण्यापुरती मोकळी वाट. कुठे दाट, कुठे विरळ. कुठे नत्र नेहमीएवढं, कुठे दुप्पट. आपले काका ओळींमध्ये दोन फूट सोडतात आणि झाडांमध्ये एक. आमच्याकडे दीड फूट आणि अर्धा फूट, वर दुप्पट नत्र, ह्या जोडीने बाकी सगळ्यांना मागे टाकलं, तेही थोडंथोडकं नाही, सव्वापट! तक्ता बघून मोठे साहेब खुर्चीतून उठले. जेवणाची सुट्टी सोडली तर ते कशासाठीच उठत नाहीत.

कापणीच्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, त्यामुळे फार घाई झाली. पण निभावलं. तेलाची तपासणी दुसरीकडे होते, तो अहवाल यायचाय. पेरणी तोंडावर आली म्हणून पत्रक आधी छापून घेतलं.

तुमच्या शेतकरी मंडळाच्या सभेत हे तूच मांड. गाव तुला तोफ म्हणतं ते उगाच नाही. आणि काकांना म्हणावं, अंतर मोजायची खाचांची ती काठी आता खुंटीला टांगायला हरकत नाही.

त्यांना नमस्कार. तुझा जीव आहे तसाच माझ्यावर राहू दे.

तुझा,
पंडित


घर,
१२ मार्च

चि. पंडितास,
अ. आ.

चष्म्याशिवाय वाचलं. नंतर चष्मा लावून पुन्हा वाचलं, आणि मग काकांना मोठ्याने वाचून दाखवलं. चार वर्षांचा असताना पुस्तक उलटं धरून वाचायचास म्हणून तुझं नाव पंडित पडलं. आता पुस्तक सुलट झालं म्हणायचं.

काल सभा झाली. खुर्च्या साठ, माणसं दीडशे. मी पत्रक उंच धरलं आणि विचारलं, आजोबांनी केलं म्हणून नातवाने तेच करावं, हे कुठे लिहून ठेवलंय? ज्याने उभ्या आयुष्यात एक शंका घेतली नाही, त्याने शेती केली नाही, शेताची राखण केली, असं ठणकावून सांगितलं. टाळ्यांनी छपराचे पत्रे हलले. गावच्या तेलघाण्याचा मालक, ज्याला कौतुक करताना दात दुखतात, तोसुद्धा वाजवत होता.

शेवटी मागच्या रांगेतून काका उठले. काठी हातात होतीच. त्यांनी एकच गोष्ट विचारली : वजन करताना कडेच्या ओळी धरल्या होत्या का? सभेला काही कळलं नाही, मलाही नाही. मी माईकवरूनच म्हटलं की काका, कडेच्या ओळी सोडायचं राहू द्या, तुमच्याने तर काठीसुद्धा सुटत नाही. पत्रे पुन्हा हलले! काकाही हसले, थोडेसे. मग बसले.

घरी आल्यावर त्यांनी पुन्हा तेच विचारलं. पंडितने कडेच्या ओळी धरल्या नसतील ना, असं. मी म्हटलं, तो काय दुधखुळा आहे? तरी तू दोन ओळींत खुलासा कर म्हणजे म्हाताऱ्याचं समाधान होईल. पेरणी पंचविसाच्या पुढे सुरू होईल, तोवर उत्तर यावं.

तब्येतीला जप, आणि बहीण तोफ असली तरी तुझीच आहे हे ध्यानात ठेव.

तुझी,
ताई


संशोधन केंद्र,
१८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सभेची हकिकत वाचली. इतकी माणसं येतील असं वाटलं नव्हतं. इथे सर्व ठीक. माझ्या खोलीची खिडकी नीट लागत नव्हती, ती सुताराने काल बसवून दिली.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर जरा लांबलचक आहे, भेटीत सांगेन. तूर्तास त्यांना एवढंच सांग की सगळं पद्धतशीर झालं आहे.

एक सुचवतो. सगळ्यांनी सगळ्या जमिनीवर दाट पेरलंच पाहिजे असं नाही. पहिलं वर्ष आहे, कोणी अर्ध्यावर करून बघितलं तरी चालेल. काकांना तर आग्रह करूच नकोस. त्यांच्या वयाला नवी सवय लागणं कठीण. खतही पत्रकात आहे त्यापेक्षा जरा कमी टाकलं तर बिघडणार नाही.

जास्त लिहीत नाही. घाईत आहे. माया कमी करू नकोस.

तुझा,
पंडित


घर,
१ एप्रिल

चि. पंडितास,
अ. आ.

पेरण्या झाल्या. बेचाळीस घरांनी तुझ्या पत्रकाप्रमाणे पेरलं, दीड फूट आणि अर्धा फूट. त्रेचाळिसावा न्हावी. त्याने दुकानामागच्या चार हात जागेतही पेरलं आणि आता गिऱ्हाइकाची मान धरून अंतरावर व्याख्यान देतो.

अर्ध्यावर करून बघा, ही तुझी सूचना मी कोणाच्या कानावर घातली नाही. चढाई सुरू झाल्यावर सेनापती अशी भाषा बोलत नसतो. इतकं सोनं हातात असताना माणसाने एवढं कसं कचरावं?

आणि काकांनीही दाट पेरलं! तुझा निरोप सांगितला, सगळं पद्धतशीर झालंय म्हणून. त्यांनी पत्र मागून घेतलं आणि ओसरीवर बराच वेळ हातात धरून बसले. मग ठीक आहे म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर चाकू घेऊन काठीवर नवी खाच पाडत होते, बरोबर अर्ध्या फुटावर. ज्या काठीवर त्यांनी आपल्या दोघांची उंची मोजली, वडील गेल्यावर ज्या काठीने हे सगळं शेत पुन्हा आखलं, तिच्यावर तुझ्या नावाची खाच पडली. मला भरून आलं. तुलाही येईल.

फक्त तुझं पत्र मला कोरडं वाटलं. सुतार आणि खिडकी लिहायला जागा होती, काकांच्या प्रश्नाला नव्हती. पोट बिघडलंय का? लिही.

आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.

तुझी,
ताई


संशोधन केंद्र,
१४ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पोट बरं आहे. काम वाढलंय. मोठ्या साहेबांनी पत्रकाची नवी आवृत्ती काढायचं ठरवलं आहे, बारा हजार प्रती, पुढच्या हंगामासाठी साऱ्या जिल्ह्यांत वाटायला. जुलैच्या मध्यावर छापखान्यात जाईल. त्याच सुमारास माझ्या बढतीचं ठरेल म्हणतात. तेलाचा अहवालही आलाय. तो बघतो आहे.

पीक केवढं झालंय? उंची नको, बुंधा किती जाड आहे ते सांग. अंगठ्याएवढा की करंगळीएवढा? काकांना न विचारता तूच बघ.

लोभ ठेव, लायकी बघू नकोस.

तुझा,
पंडित


घर,
२४ जून

चि. पंडितास,
अ. आ.

वाईट बातमी आहे, पण तू मनाला लावून घेऊ नकोस म्हणून मुद्दाम सविस्तर लिहिते.

मेच्या अखेरीला शेतं अशी दिसत होती की परगावचे लोक सायकली थांबवून बघायचे. हिरवंगार, डोक्याच्या वर. बुंध्याचं तू विचारलंस तेव्हा मी हसले होते. करंगळीएवढा होता, पण उंची बघावी की बुंधा? तबकड्या मात्र लहान, चहाच्या बशीएवढ्या. मी म्हणत होते, लहान असल्या तरी संख्या बघा!

वीस तारखेला दुपारी वारा सुटला. वादळ नव्हे रे, वारा. दोरीवरचे कपडे उडतात तेवढा. तासाभरात बेचाळीस घरांचं पीक आडवं. एकाने दुसऱ्यावर रेलायचं, दुसऱ्याने तिसऱ्यावर, असं सगळं शेत झोपलं. उभं राहिलं त्याच्या तबकडीत मधोमध पोचट दाणे. घाण्याच्या मालकाने मूठभर चेचून बघितले आणि तेल कमी वाटतं म्हणाला. मी त्याला म्हटलं, तुझ्या घाण्याचा बैल तुझ्यापेक्षा आशावादी आहे.

लोक पत्रकाकडे बोट दाखवायला लागले. मी पारावरच उभी राहिले आणि सुनावलं की वाऱ्यावर हुकूम चालत नाही. ज्या माणसाने दोन वर्षं उन्हात उभं राहून मोजमाप केलं त्याच्याकडे बोट दाखवण्याआधी आपलं बोट धुऊन या, असं म्हटलं. एकेक करून घरी गेले सगळे.

काका आडव्या पिकात वाकून एकेक झाड काठीने उचलून बघतात आणि हलकेच खाली ठेवतात. मी तुझं नाव काढलं की विषय बदलतात.

तू खचू नकोस. मी आहे.

तुझी,
ताई


संशोधन केंद्र,
२९ जून

ती. ताईस,

सा. न. वि. वि. लिहिण्याचाही आज अधिकार वाटत नाही, तरी लिहितो.

बोट धुऊन कोणी यायची गरज नव्हती. बोट योग्य जागी होतं.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर हे : हो. कडेच्या ओळी धरल्या होत्या.

आता अर्थ सांगतो. वाफ्यात चार ओळी, बाजूला मोकळी वाट. कडेच्या दोन ओळींना एका अंगाने पूर्ण ऊन मिळतं, वारा मिळतो, मुळं पसरायला जागा मिळते. त्या फुगतात. मोठ्या शेतात अशी कड कुठून येणार? तिथे सगळीच झाडं मधल्या ओळींसारखी जगतात. म्हणून नियम असा की कडेच्या दोन ओळी कापून बाजूला टाकायच्या आणि मधल्या दोनच तोलायच्या. पहिल्या वर्षी शिकवतात हा नियम. वाफा जितका दाट, तितका कडेचा फायदा मोठा. माझे दाट वाफे जिंकले ते कडेने जिंकले. मध्ये काय चाललं होतं ते मला आजही माहीत नाही.

त्या दिवशी ढग आले. मजूर म्हणाले, वेगळं कापत बसलो तर सगळं भिजेल. मी म्हटलं, सगळं एकत्र कापा, कडेची पोती मात्र वेगळी भरा. ती वेगळी राहिली नाहीत. इथवर चूक होती, ताई, गुन्हा नव्हता. मग मी तोललं, आकडे बघितले आणि ते इतके देखणे होते की मी स्वतःला सांगितलं, एवढा फरक काही कडेने पडत नाही. साहेब खुर्चीतून उठले तेव्हा त्यांना खाली बसवायला माझी जीभ वळली नाही. तेलाचा अहवाल मेमध्ये आला. दुप्पट नत्राने शंभरात चाळीसचं तेल छत्तिसावर आलं. तो मी खणात ठेवला.

सोबत एक पत्र जोडलंय. तारीख बघ : १७ मार्च. तुझं सभेचं पत्र आलं त्याच दिवशी मी हे सगळं लिहून पाकीट चिकटवलं. टपालपेटीपर्यंत गेलो. पेटीपुढे एक बाई पाकिटावर तिकीट लावत होती, तिचं होईपर्यंत मी थांबलो, आणि तेवढ्या वेळात माझा धीर गेला. दुसऱ्या दिवशी तुला खिडकीचं आणि सुताराचं लिहिलं. सतराचं पत्र एकवीसला पोचलं असतं. पेरणी पंचविसाला होती. ह्या चार दिवसांचं मी काय करू?

फोनवर तुझा आवाज ऐकला की माझा बसतो, म्हणून लिहितो. काकांना तू सांगू नकोस, मी लिहीन. पण अजून लिहवत नाही.

लोभ मागत नाही.

पंडित


घर,
५ जुलै

पंडित,

आशीर्वाद वर लिहायचे असतात, आज खाली लिहीन, उरले तर.

तुझी चूक मी एका झटक्यात माफ केली. ढग, मजूर, पोती, सगळं समजलं. माणूस आहेस. पण सतरा मार्चचं ते पाकीट मी तीनदा उघडून वाचलं. सत्य तुझ्या खिशात होतं रे! तिकीट लावलेलं, पत्ता लिहिलेला. आणि तू ते घरी घेऊन गेलास. खोटं बोलणारा निदान तोंड तरी उघडतो. तू तर शहाण्यासारखा गप्प बसलास आणि तुझ्या गप्प बसण्याला मी इथे माईक लावून दिला.

हो, माझंही आहे. मी वाचन केलेली बाई, शंका घ्या म्हणून गावाला गर्जून सांगते, आणि सभागृहात ज्या एका माणसाने खरोखर शंका घेतली त्याला मी हशात बुडवला. त्याचा प्रश्न काय आहे एवढं विचारायचीही तसदी घेतली नाही. माझा भाऊ तो बरोबर, माझा काका तो जुनाट. काल मी सभा बोलावली. त्याच माईकवरून काकांची माफी मागितली आणि पत्रक चुकीचं आहे एवढं सांगितलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बरं झालं. मला टाळ्यांची सवय फार झाली होती.

काका तिथे होते. ते उठून बाहेर गेले. रागाने की कशाने, मला कळलं नाही.

तुझं पत्र मी वाचून दाखवलेलं नाही. ते वाचायला तू स्वतः ये.

पण त्याआधी दुसरं. बारा हजार प्रती. आमची बेचाळीस घरं आडवी झाली ती तुझ्या चुकीने आणि माझ्या तोंडाने. पुढची आडवी होतील ती निव्वळ तुझ्या मौनाने. छापखाना सुरू व्हायच्या आत साहेबांच्या टेबलावर तुझं कबुलीपत्र आणि तेलाचा तो अहवाल गेला पाहिजे. बढती जाईल, जाऊ दे. तू ते केलंस तर माझा भाऊ आहेस. नाही केलंस तर ह्या वेळी तोफेचं तोंड तुझ्याकडे असेल, आणि मी हे रागाने नाही, शांतपणे लिहिते आहे.

आशीर्वाद उरलेत.

ताई


संशोधन केंद्र,
११ जुलै

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

आयुष्यात तुम्हाला लिहिलेलं हे पहिलं पत्र, आणि ते असं असावं.

तुम्ही मार्चमध्ये जे विचारलं होतं त्याचं उत्तर : हो, धरल्या होत्या. मी खोटं सांगितलं.

परवा सकाळी साहेबांपुढे अहवाल आणि कबुली ठेवली. साहेबांनी अहवाल शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाले की कडेच्या ओळी विचारायचं त्यांचंही काम होतं. छपाई थांबली. बढतीच्या यादीतून नाव गेलं. मला बी-कोठारात बसवलंय, पोत्यांवर चिठ्ठ्या बांधायच्या. पुढच्या हंगामात तोच प्रयोग पुन्हा करायची परवानगी मागितली आहे; देतील की नाही, ठाऊक नाही.

माफी मागायला शब्द शोधतो आहे. तुम्ही अर्ध्या फुटाची खाच पाडलीत हे ताईने कळवलं त्या दिवसापासून शोधतो आहे. सापडत नाहीत. सभेपुढे यायला तयार आहे. तुमच्यापुढे यायची हिंमत होत नाही.

पायांवर डोकं ठेवतो.

आपला,
पंडित


घर,
१५ जुलै

चि. पंडितास,
आशीर्वाद.

मला लिहायची सवय नाही. पेन्सिलीने लिहितो, चुकलं तर पुसता येतं.

तुझं उत्तर मला मार्चमध्येच कळलं होतं. मी हो की नाही एवढंच विचारलं होतं, तू पद्धतशीर असं लिहिलंस. लहानपणी शाळेची काच फुटली होती तेव्हाही तू सरळ उत्तर न देता मला काच कशी बनते ते सांगितलं होतंस.

मग मी दाट का पेरलं, असं तुला वाटेल. ताईलाही वाटलं. तिने सभेत माफी मागितली तेव्हा मला तिथे बसवेना, कारण माफी माझ्याकडे येण्यासारखी नव्हती. माझ्याच शेतात जुन्या अंतराचं पीक दिसलं असतं तर लोक म्हणाले असते, घरच्यांचाच पोरावर विश्वास नाही. तुझं नाव पहिल्यांदाच छापून आलं होतं. आणि कदाचित माझंच चुकत असेल, असंही वाटलं. खरं सांगायचं तर, माझंच चुकावं असं वाटत होतं. म्हणून खाच पाडली. पण माझी काठी बघून आणखी दहा जणांनी पेरलं असणार. काकांनी पेरलं म्हणजे काळजी नाही, असं. शंका असून मी दुसऱ्यांदा उठलो नाही. तू चार महिने गप्प होतास, मीही तेवढाच. तेव्हा माझ्यापुढे यायला घाबरू नकोस. आपण दोघं एकाच ओळीत आहोत.

आता कामाचं. पंपाच्या खोलीमागे मी एक पट्टा जुन्या अंतराने पेरला होता. दोन फूट, एक फूट, खत नेहमीचं. कोणाला दिसत नाही तिथे. तो उभा आहे. तबकड्या ताटाएवढ्या आहेत. त्यांच्या पाठी पिवळ्या पडायला लागल्या, आठ दिवसांत कापायला येईल. दाट पिकाचाही एक कोपरा उभा राहिलाय.

तू ये. दोन्ही तुझ्या हाताने काप आणि तोल. सभागृह ताईने कापणीनंतरच्या शनिवारसाठी धरलंय, तिथे आकडे तू सांग. लोक बोलतील, ऐकून घे. न्हावी सगळ्यात जास्त बोलेल.

एक मात्र आत्ताच सांगून ठेवतो. माझा पट्टा चारच ओळींचा आहे आणि दोन्ही अंगांना वाट आहे. ताटाएवढ्या तबकड्या आहेत त्या बहुतेक कडेच्याच. मी जिंकलो असं दाखवायला त्या तराजूत घालशील, आत्ता तुझ्या मनात तसं येईल, मला माहीत आहे. घालू नकोस. दोन्हीकडच्या सोड, मधल्या दोनच धर. निघेल ते निघेल.

पोती मी वेगळी काढून ठेवली आहेत. काठी दाराशी आहे.

वाट बघतो.

काका